शिक्का फुजिसावांच्या हाती

होंडा हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले ते 1980च्या दशकात, कायनेटिक होंडामुळे. पण ज्यांच्यामुळे हे नाव टिकले, त्या ताकेओ फुजिसावांची ओळख गाडीप्रेमींनाही क्वचितच असते. 1949 ते 1973 या काळाकडे मागे वळून पाहिले, की हे मला फार अन्यायाचे वाटते.

सोइचिरो होंडा लोहाराचे पोर. यंत्र दिसले की उघडून बघायचे, आणि दुसऱ्याला जमत नाही असे कळले की हटकून तेच करायला घ्यायचे. 1948 साली त्यांनी हामामात्सुत कंपनी काढली. इंजिने उत्तम होत होती, पण विकलेल्या मालाचे पैसे वसूल होत नव्हते. पुढच्याच वर्षी एका परिचिताने त्यांची फुजिसावांशी गाठ घालून दिली. फुजिसावांनी आधी कटिंग टूल्सचा आणि लाकडाचा धंदा केलेला. वाटणी तिथेच ठरली: यंत्र होंडांनी पाहायचे, पैसा आणि विक्री फुजिसावांनी. होंडांनी कंपनीच्या अध्यक्षाचा शिक्कासुद्धा त्यांच्या स्वाधीन केला. जपानमध्ये सहीपेक्षा शिक्क्याला मान. तो दुसऱ्याच्या हाती देऊन निर्धास्त होणे, हा होंडांचा सगळ्यात मोठा शोध असे मी मानतो.

1952 साली सायकलला जोडायचे ‘कब’ इंजिन आले. मोटारसायकलची दुकाने तेव्हा देशात मोजकीच होती. फुजिसावांनी सुमारे 50 हजार सायकल दुकानदारांना पत्रे धाडली: गिऱ्हाइकाला आता इंजिनाची सायकल हवी आहे, आम्ही इंजिन केले आहे, तुम्ही विकाल का? होकार देणाऱ्यांकडून पैसे आगाऊ मागवले. वसुलीची रड संपली आणि हजारो दुकानांचे जाळे उभे राहिले. याला नुसती व्यवस्था म्हणून कसे चालेल? ही कल्पकताच होती, फक्त ती कारखान्याबाहेर चालली.

1954 साल कठीण गेले. जुनो स्कूटर पडली, इतर गाड्यांच्या तक्रारी आल्या, देणी थकली. त्याच उन्हाळ्यात होंडा आइल ऑफ मॅनची मोटारसायकल शर्यत पाहायला गेले. बँक आणि पुरवठादारांना मागे सांभाळले फुजिसावांनी.

मग सुपर कब. 50 सीसीची छोटी गाडी करा, असा लकडा फुजिसावांनीच लावला होता. स्त्रियांना बसावेसे वाटेल अशी, इंजिन झाकलेली, आणि सोबा नूडल्स घरपोच देणाऱ्या पोऱ्याला एका हाताने चालवता येईल अशी. त्या एका हातापायी होंडांनी हाताचा क्लचच काढून टाकला. नमुना पाहून फुजिसावांनी आकडा सांगितला, महिन्याला 30 हजार. लोकांना वाटले, वर्षाचा सांगतायत! 1958 साली गाडी बाजारात आली, 1960 साली सुझुकाचा कारखाना उभा राहिला. 2017पर्यंत या मालिकेच्या 10 कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या.

पण फुजिसावांची खरी कसोटी पुढेच होती. कंपनी मोटारींकडेही वळली, तेव्हा मोटारीचे इंजिन हवेनेच थंड करायचे, असा होंडांचा हट्ट. धुराचे नियम पाळायचे तर पाणी हवे, हे तरुण इंजिनिअरांना दिसत होते, पण सांगणार कोण? ते फुजिसावांकडे गेले. त्यांनी होंडांना एवढेच विचारले, की तुम्हाला अध्यक्ष म्हणून राहायचे आहे की इंजिनिअर म्हणून? होंडांनी अध्यक्षपद निवडले आणि पाण्याला परवानगी दिली. त्यातून 1972 साली सीव्हीसीसी इंजिन जाहीर झाले आणि अमेरिकेचा कडक धूरकायदा पाळून दाखवणारे ते पहिले ठरले. वीस वर्षे विश्वासाने काम केले नसते, तर तो प्रश्न विचारायची छाती कुणाला झाली असती?

1973 साली फुजिसावांनी निवृत्त व्हायचे ठरवले. ते कळताच होंडा म्हणाले, मग मीही. दोघे एकदमच बाजूला झाले, मागे मुलांना न बसवता. फुजिसावांनी 1960 सालीच संशोधनाची वेगळी कंपनी करून ठेवली होती, म्हणजे एका प्रतिभेवर सगळे अवलंबून राहू नये. 1970पासून चार वरिष्ठ संचालक एकत्र कारभार पाहत होते. त्यांतलेच कियोशी कावाशिमा 45व्या वर्षी अध्यक्ष झाले.