शब्दकोडं आणि खात्रीचा प्रश्न

रोजच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊ. आडवा शब्द : 'केशवसुतांचे आडनाव', चौकोन तीन. घाईत एखाद्याला केशवकुमार आठवतात आणि तो म्हणतो, 'अत्रे'. पण अक्षरं दोनच. चौकोनच नकार देतात. मग आठवतात कृष्णाजी केशव दामले. दा-म-ले, बसलं! त्याला मधोमध छेदणारा उभा शब्द : 'बालकवींचे आडनाव'. त्र्यंबक बापूजी ठोमरे, ठो-म-रे. 'म' दोघांचा एकच.

आता आपली खात्री झाली, ती कशामुळे? तत्त्वज्ञ सुसान हाक यांनी १९९३च्या 'एव्हिडन्स अँड इन्क्वायरी' या ग्रंथात ज्ञानाला शब्दकोड्याचीच उपमा दिली आहे. शोधसूत्र म्हणजे अनुभवाचा पुरावा. आधी भरलेले शब्द म्हणजे आपल्या जुन्या समजुती. उत्तराला दोन्हींचा आधार लागतो. नुसता मेळ पुरेसा नाही, कारण दोन चुकीचे शब्दही एकमेकांत छान बसू शकतात. एकच अफवा दहा जणांकडून कानावर आली की ती आपल्याला खरी वाटू लागते, ती अशीच. शब्द जुळले, हे ठीक. पण मूळ शोधसूत्र आपल्यापैकी कुणी वाचलंय का?