बालीगंजहून परदेशी निघताना

शेजारचा देशही दोन दिवसांत ठप्प होऊ शकतो, हे कोलकात्याने जुलै २०२४ मध्ये पाहिले. बांगलादेशात विद्यार्थ्यांचे आंदोलन चिघळले, इंटरनेट तुटले, संचारबंदी लागली. साडेसहा हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी मायदेशी परतले. अनेक जण पेट्रापोल, गेदे आणि आगरतळा या सीमानाक्यांमार्गे आले. म्हणून परदेशी निघण्याआधी एवढी तयारी ठेवा.

परतीच्या दोन वाटा : २००८ पासून धावणारी कोलकाता–ढाका मैत्री एक्सप्रेस त्याच महिन्यात थांबली. तिकीट एका वाटेचे काढले, तरी दुसरी माहीत हवी. पेट्रापोलसाठी बनगाव, तर गेदेसाठी गेदे लोकल. दोन्ही कोलकात्याच्या सियालदह स्थानकाशी जोडलेल्या आणि शहरातल्या बालीगंजहून सियालदहला लोकलची सोय आहेच.

कागदावर : भारतीय वकिलातीचा आपत्कालीन क्रमांक, राहण्याचा पत्ता, घरचे दोन फोन क्रमांक. नेट बंद पडले की मोबाइलमधला ऑनलाइन नकाशा आणि ईमेलमधली तिकिटे निरुपयोगी. थोडी स्थानिक रोकडही जवळ असू द्या.

नोंदणी : मुक्काम लांबणार असेल तर वकिलातीकडे नाव नोंदवा. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे.

पासपोर्ट हरवल्यास : आधी पोलिसांत तक्रार, मग वकिलात. तिथे मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरते चालते.

विमा : बहुतेक प्रवास विम्यांत युद्धामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. ‘वगळलेल्या बाबी’ हे पान हप्ता भरण्याआधी वाचा.

गर्दी : मोर्चा, जमाव, लष्करी हालचाल यांचे चित्रीकरण करू नका, बघ्यांनाही अटक होऊ शकते.