रोजची दाढी आणि पात्याची निवड

सकाळची लगबग सुरू होते ती बहुधा आरशासमोर. चहाचे आधण उकळत असते, मुलांच्या शाळेची तयारी चाललेली असते, न्हाणीघराबाहेर कुणीतरी आपली पाळी येण्याची वाट पाहत असते आणि गालाला साबणाचा फेस लावलेल्या गृहस्थाचे लक्ष घड्याळाकडे असते. दहाच्या ठोक्याला काउंटर उघडायचे असो वा दुकानाचे शटर वर करायचे असो, दाढीच्या वाट्याला येतात ती जेमतेम पाच-सात मिनिटे. अशा वेळी हातात जुना दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर असावा की कार्ट्रिजचा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

एका पिढीपूर्वी प्रत्येक घरात दाढीच्या सामानाची एक डबी असे. ब्रश, साबणाची वडी, धातूचा रेझर, कागदात गुंडाळलेली पाती आणि एका कोपऱ्यात तुरटीचा खडा. वापरलेले पातेही वाया जात नसे. पेन्सिलीला टोक काढणे, शिवण उसवणे अशी कामे त्याच्याकडे येत. या डबीतील सर्वांत बोलकी वस्तू मात्र तुरटीच होती. दाढी करताना कुठेतरी कापणारच, हे जणू गृहीतच धरलेले होते!

वस्तऱ्यापासून कार्ट्रिजपर्यंत

वस्तऱ्याच्या तुलनेत सेफ्टी रेझर खरोखरच सुरक्षित होता. अमेरिकेतील किंग कँप जिलेट यांनी तो प्रथम शोधला असे नव्हे; संरक्षक पट्टी असलेले रेझर त्यांच्यापूर्वीही होते. त्यांची कल्पना होती ती पातळ, स्वस्त आणि धार गेली की टाकून देण्याच्या पात्याची. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकी सैनिकांना रेझर पुरवण्यात आले आणि घरच्या घरी रोज दाढी करण्याची सवय रुजण्यास मोठा हातभार लागला.

‘रेझर जवळजवळ फुकट द्या आणि पात्यांवर कमवा’ हे व्यापारसूत्र जिलेट यांच्या नावाने सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. सुरुवातीस त्यांच्या रेझरची किंमत ५ डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच भारी होती. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर आणि स्पर्धा वाढल्यावर स्वस्त रेझर बाजारात आले. पुढे १९७१ मध्ये जोडपात्यांची कार्ट्रिज आली. १९९८ मध्ये तीन आणि २००६ मध्ये पाच पात्यांची.

हाताचे काम यंत्राकडे

दुधारी पात्याच्या रेझरमध्ये सारे कौशल्य हाताचे असते. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरावे लागते, दाब अगदी हलका ठेवावा लागतो आणि हनुवटीच्या वळणावर तो कोन पुन्हा साधावा लागतो. मन थोडे विचलित झाले की ओरखडा ठरलेला. कार्ट्रिजमध्ये पात्यांचा कोन कारखान्यातच पक्का केलेला असतो. तिचे डोके चेहऱ्याच्या चढउताराप्रमाणे झुकते आणि पात्यांपुढील पट्टी त्वचा किंचित ताणून धरते. म्हणूनच घाईत, अपुऱ्या उजेडात किंवा वयपरत्वे हात थरथरू लागल्यावर कार्ट्रिज अधिक भरवशाची ठरते.

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या जखमा लवकर भरत नाहीत, तर रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याचे रक्त लवकर थांबत नाही. अशांच्या बाबतीत तुरटीच्या खड्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. त्यांना अनेकदा विजेवर चालणाऱ्या शेव्हरचा सल्ला दिला जातो. पात्यानेच दाढी करायची असल्यास कार्ट्रिज तुलनेने बरी. फिरतीवर असणाऱ्यांना आणखी एक सोय लाभते. विमानात हातातील सामानात सुटी पाती नेऊ देत नाहीत.

एक पेलाभर पाण्याचा धडा

भारतीय घरांसाठी कार्ट्रिज कशी असावी, याची कथा मोठी उद्बोधक आहे. २००२ च्या सुमारास जिलेट कंपनीने भारतासाठी एक रेझर तयार केला. त्याची चाचणी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेण्यात आली आणि त्यांना तो पसंत पडला. भारतात मात्र तो चालला नाही. कारण अगदी साधे होते. परदेशातील विद्यार्थ्यासमोर वाहता नळ होता, तर येथील असंख्य घरांत पुरुष जमिनीवर बसून, लहानशा आरशात पाहत, पेलाभर पाण्यात दाढी करीत होते. तेवढ्या पाण्यात रेझरमध्ये अडकलेले केस निघेनात.

त्यानंतर कंपनीची माणसे येथील घरांत येऊन बसली आणि प्रत्यक्ष पाहून गेली. २०१० मध्ये आलेल्या ‘जिलेट गार्ड’मध्ये एकच पाते होते, चटकन धुतला जाईल अशी मोकळी रचना होती आणि सुटे भाग मोजके होते. रेझरची किंमत १५ रुपये आणि कार्ट्रिजची ५ रुपये ठेवण्यात आली. ग्राहकाच्या घरी जाऊन त्याची गरज समजून घेण्याचे महत्त्व बँकिंग क्षेत्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

हिशेब एका दाढीचा

कार्ट्रिज महाग पडते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र पाकिटावरील किमतीपेक्षा एका दाढीचा खर्च काढणे अधिक योग्य. समजा, १०० रुपयांची कार्ट्रिज वीस दाढ्या टिकली, तर एका दाढीला ५ रुपये पडले. ५ रुपयांचे दुधारी पाते पाच दाढ्या टिकले, तर १ रुपया. वर्षाला तीनशे दाढ्या धरल्या, तर फरक १,२०० रुपयांचा. पण रोज पाच मिनिटे वाचली, तर वर्षाला पंचवीस तास हाती येतात. पैशांची बचत मोलाची की वेळेची, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. एकपाती कार्ट्रिज निवडल्यास दोन्हींचा मेळ बऱ्याच अंशी घालता येतो.

कुठलाही पर्याय निर्दोष नसतो. प्लास्टिक आणि धातू एकत्र जखडलेले असल्याने कार्ट्रिजचा पुनर्वापर अवघड आहे. दुधारी पाते निव्वळ पोलादाचे असते. ज्यांचे केस कुरळे आहेत व ते त्वचेतच उलटे वाढून पुटकुळ्या येतात, त्यांना अनेक पात्यांपेक्षा एकच पाते मानवते. आणि रविवारच्या निवांत सकाळी ब्रशने भरपूर फेस काढून, जुना रेझर हाती घेऊन सावकाश दाढी करण्यातील आनंद कोणत्या हिशेबात बसवणार?

साधन कोणतेही असो, काही पथ्ये सारखीच. दोन-तीन मिनिटे पाण्याने केस भिजू द्यावेत; भिजलेला केस मऊ होऊन सहज कापला जातो. आधी सुलटा हात फिरवावा, गरज वाटल्यासच उलटा. रेझर धुऊन, झटकून कोरडा ठेवावा आणि तो घरातील दुसऱ्या कुणालाही वापरू देऊ नये. काविळीचे काही प्रकार रक्तातून पसरतात, याचे भान असावे. वापरलेली पाती बंद डबीत साठवून वेगळी द्यावीत, म्हणजे कचरा उचलणाऱ्या हातांना इजा होणार नाही.

जुना रेझर टाकून देण्याचे कारण नाही. तो रविवारसाठी जपून ठेवावा. सोमवार ते शनिवारच्या धावपळीत मात्र कार्ट्रिजवर विसंबावे आणि तुरटीच्या खड्याला सुखाने निवृत्ती द्यावी!