'पेट', 'केअर' आणि सर्जा बैल

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी इंग्रजीत दहा-बारा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. विषय शाळेपासून घोकलेला: 'माय पेट'. चाळीस वह्या आल्या, आणि त्यांतल्या तीसएक वह्यांत एकच कुत्रा होता. नाव टॉमी, रंग पांढरा, आहार दूध-पोळी. या टॉमीशी माझी जुनी ओळख आहे. मार्गदर्शक पुस्तकातून निघून तो दर साली नव्या वहीत येऊन बसतो. एका वहीत मात्र टॉमी नव्हता. तिथे सर्जा नावाचा बैल होता. वडील पहाटे उठून आधी त्याच्यापुढे वैरण टाकतात आणि मग स्वतः चहा घेतात, बेंदराला त्याची शिंगे रंगवतात, एकदा त्याचा खूर चिघळला तेव्हा आईने दोन रात्री गोठ्यात काढल्या, असे त्या मुलाने लिहिले होते. इंग्रजी मोडके होते, पण वाक्ये त्याची स्वतःची होती. आणि मी काय केले? 'पेट' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून कडेला लिहिले, 'बैल हा पेट नव्हे.'

तास संपल्यावर मुलगा टेबलापाशी आला. "सर, पेट म्हणजे पाळलेलं जनावर ना? मग सर्ज्याला आम्ही काय रानातून धरून आणलंय?"

मी त्याला उत्तर दिले, आणि ते चुकीचे नव्हते. पण अपुरे होते, हे मला पुढे शब्दांची मुळे चाळताना कळले. ते आज पुरे करावे म्हणतो.

आपल्या मराठीत 'पाळणे' ही क्रिया ऐसपैस आहे. आपण कुत्रा पाळतो, म्हैस पाळतो, कोंबड्या पाळतो, आणि वेळ आली तर शब्दही पाळतो. इंग्रजाने या एका अंगणात मध्ये कुंपण घातले आहे. कुंपणाच्या एका बाजूला 'लाइव्हस्टॉक', म्हणजे जिवंत साठा. दुसऱ्या बाजूला 'पेट'. दूध, लोकर, अंडी, मांस किंवा मेहनत ज्याच्याकडून घ्यायची ते पहिल्या बाजूला. ज्याच्याकडून सोबतीखेरीज काही घ्यायचे नाही ते दुसऱ्या बाजूला. 'कॅटल' हा गुराढोरांचा शब्द तर सरळ पैशाच्या पेटीतून निघालेला आहे. त्याचे आणि 'कॅपिटल' म्हणजे भांडवल या शब्दाचे लॅटिन मूळ एकच. त्यावरून इंग्रजाला नावे ठेवू नयेत. आपणही 'गोधन' आणि 'पशुधन' म्हणतोच.

आता गंमत पहा. हा 'पेट' शब्द मुळात कुठला? बंगल्यातल्या गालिच्यावरचा नव्हे. तो स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडच्या बोलीतला, सोळाव्या शतकापासून लिखाणात सापडणारा. आणि त्याचे दोन जुने अर्थ आहेत. एक, फार लाडावलेले मूल. दुसरा, आई मेल्यामुळे माणसाने हाताने दूध पाजून वाढवलेले कोकरू! ('पेटी' म्हणजे लहान या फ्रेंच शब्दावरून तो आला असावा असा एक तर्क करतात, पण तो सिद्ध झालेला नाही. आणि परळच्या जनावरांच्या इस्पितळाला पेटिट हे नाव आहे ते 'पेट' या शब्दावरून नव्हे, ते एका दानशूर पारशी घराण्याचे आडनाव आहे. हा प्रश्न मला वर्गात दोनदा विचारला गेला म्हणून सांगून टाकतो.)

म्हणजे 'पेट'चा जन्म मेंढवाड्यातला. कुंपण पुढे आले. जे कोकरू चुलीपाशी उबेला ठेवले, बोटाने दूध चाखवून जगवले, ते मोठे झाले तरी कळपातल्या इतरांसारखे उरत नाही. ते माणसाच्या मागे मागे येते. आपल्याकडे धनगराच्या वाड्यावर असे कोकरू ज्याने पाहिले असेल, त्याला 'लळा' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. याच कोकराचे दुसरे इंग्रजी नाव 'कॉसेट'. १५७९ साली छापलेल्या एडमंड स्पेन्सरच्या मेंढपाळांच्या काव्यात ते आढळते. आज 'कॉसेट' हे क्रियापद झाले आहे आणि त्याचा अर्थ झाला आहे फाजील जपणे, लाडोबा करणे. कोकरू गेले, लाड राहिले.

मायेच्या इंग्रजी शब्दांत खाऊ-पिऊ घालण्याचा वास असा जागोजाग येतो. 'पॅम्पर' म्हणजे आज लाड करणे. मूळ अर्थ ठासून खायला घालणे. 'फॉस्टर' म्हणजे दुसऱ्याचे मूल घरी ठेवून वाढवणे. हा शब्द आणि 'फूड' एकाच कुळातले. 'कॉडल' म्हणजे अती जपणे, आणि अंडे उकळीच्या खालच्या आचेवर हळूहळू शिजवणे हेही 'कॉडल'च. माया फार झाली की शहाणपण कमी पडते, हेही या भाषेने नोंदवून ठेवले आहे. 'फाँड' म्हणजे आज ज्याचा जीव जडला आहे तो. शेक्सपिअरच्या काळी याच शब्दाचा रुळलेला अर्थ होता खुळा. 'डोट' म्हणजे वेड्यासारखी माया करणे, आणि त्याच घरातला 'डोटेज' म्हणजे म्हातारचळ. आपणही वेडी माया म्हणतोच की! इथे दोन्ही भाषा एका चुलीपाशी बसलेल्या दिसतात.

मग सर्जा 'पेट' की नाही? कीथ टॉमस या इंग्रज इतिहासकाराने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅन अँड द नॅचरल वर्ल्ड' या ग्रंथात जुन्या इंग्लंडमधल्या पेटच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. त्याला घरात येण्याची मुभा असते, त्याला स्वतःचे नाव असते, आणि त्याला कधी खात नाहीत. ही फूटपट्टी सर्ज्याला लावून पाहा. नाव आहे. खाण्याचा तर प्रश्नच नाही. राहिली घराची गोष्ट. तर त्या मुलाच्या घरी गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत आणि एक दार आहे, आणि ते दार रात्री उघडे असते. अडीच खुणा सर्ज्याने जिंकल्या! त्याचा गुन्हा एवढाच की तो नांगर ओढतो. आजच्या इंग्रजीत तेवढे पुरते. लंडनच्या वाचकाला 'माझा पेट बैल' असे लिहाल, तर त्याच्या डोळ्यांपुढे हौसेखातर दारात बांधलेला, काही काम नसलेला बैल येईल. मुलाच्या वडिलांना हे चित्र मुळीच आवडले नसते.

म्हणून माझी तांबडी रेघ चुकीची नव्हती, चुकीच्या जागी होती. त्याच वहीत ती दुसरीकडे हवी होती. त्या मुलाने सर्ज्याचा उल्लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत 'इट' असा केला होता, कारण जनावराला 'इट' म्हणावे असे व्याकरणाच्या पुस्तकात आहे आणि मीच ते शिकवले होते. नियम परक्या जनावरापुरता खरा आहे. पण इंग्रजाच्या घरात जाऊन पाहा. त्याचा कुत्रा 'ही' असतो, मांजरी 'शी' असते. नाव असलेल्या, ओळखीच्या जनावराला धनी सहसा 'इट' म्हणत नाही, आणि पाहुण्याने म्हटले तर ते त्याच्या कानाला खटकू शकते. तेव्हा 'पेट' हा शब्द सोडून द्यावा, 'सर्जा हा आमच्या बैलांपैकी एक' असे साधे वाक्य लिहावे, आणि पुढच्या वाक्यापासून 'ही' सुरू करावे. इंग्रजीत सगळा जिव्हाळा त्या दोन मात्रांच्या सर्वनामात मावतो. आम्ही मात्र मुलांना मोठमोठी विशेषणे पाठ करायला लावतो.

'पेट'चे बाकीचे संसार थोडक्यात. 'पेट नेम' म्हणजे घरचे लाडके नाव, बाळ्या किंवा छकुली. कुत्र्याचे नाव नव्हे. 'टीचर्स पेट' म्हणजे मास्तरांचा लाडका, आणि त्यात थोडा मत्सर मिसळलेला असतो. 'टु पेट' म्हणजे गोंजारणे.

आता 'केअर'. हा शब्द आज पत्राच्या शेवटी, फोनच्या शेवटी, औषधाच्या दुकानाच्या पाटीवर, सगळीकडे आहे, आणि म्हणूनच तो नीट पारखून घ्यावा. जुन्या इंग्रजीत 'केअर'चा अर्थ दुःख, शोक, चिंता असा होता. जर्मन भाषेत गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतात, म्हणजे शोकाचा शुक्रवार. त्यातला 'कार' तो हाच. म्हणजे ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागतो त्याची 'केअर'. आपली 'काळजी' अगदी अशीच दुहेरी आहे, आणि आपण त्या दोन अर्थांची वाटणी क्रियापदाने करतो: काळजी 'करणे' वेगळे, काळजी 'घेणे' वेगळे. करणारा नुसता घरी बसून झुरतो, घेणारा औषध आणायला जातो. इंग्रजीत पहिल्यासाठी आज 'वरी' वापरावा आणि दुसऱ्यासाठी 'टेक केअर ऑफ' किंवा 'लुक आफ्टर'. 'केअर अबाउट' म्हणजे एखाद्याचे बरेवाईट आपल्याला लागणे. 'केअर फॉर' मात्र जपून वापरा. 'ती आईला केअर फॉर करते' याचा अर्थ ती आईची सेवा करते असाही होतो आणि तिचे आईवर प्रेम आहे असाही. दोन्ही खरे असेल तर उत्तमच. पण 'आय डोन्ट केअर फॉर टी' म्हणजे मला चहा आवडत नाही, एवढेच. यजमानीणबाईंनी राग मानू नये.

आणखी एक सापळा. 'केअरटेकर' घेतो आणि 'केअरगिव्हर' देतो, म्हणून हे दोघे समोरासमोरचे असावेत असे वाटते. तसे नाही. इंग्लंडात केअरटेकर म्हणजे शाळेची किंवा इमारतीची देखभाल करणारा, किल्ल्या जवळ बाळगणारा माणूस. सरकार पडले की नवे येईपर्यंत बसते तेही केअरटेकर, आपल्या वर्तमानपत्रांचे 'काळजीवाहू सरकार'. आजारी किंवा वृद्ध माणसाचे उठणे-बसणे पाहणारा तो अमेरिकेत केअरगिव्हर आणि इंग्लंडात 'केअरर'. आजीसाठी माणूस हवा म्हणून इंग्लंडात केअरटेकर मागाल, तर जिन्याचे दिवे दुरुस्त करणारा यायचा!

'नर्स' हा शब्द आपण केव्हाच मराठी करून टाकला. त्याचा उगम दूध पाजणारी दाई. 'नर्चर' आणि 'नरिश' हे त्याचे भाऊबंद. पुन्हा पोसणेच. आपली 'शुश्रूषा' मात्र वेगळ्या वाटेने आली आहे. तिचा मूळ संस्कृत अर्थ ऐकण्याची इच्छा. आधी गुरूचे ऐकण्याची तत्परता, मग त्याची सेवा, आणि पुढे रुग्णाची सेवा. रुग्णाजवळ ज्याने रात्र काढली आहे त्याला यातला पहिला अर्थ शेवटच्या अर्थाला किती जवळ आहे ते कळेल; तिथे निम्मे काम कान देण्याचेच असते.

आणि 'आया'. हा शब्द पोर्तुगिजांचा. तो आपल्या किनाऱ्यावर उतरला, मराठीत राहिला, आणि इथून इंग्रजांनी उचलून नेला. नुसता शब्द नव्हे, बाईसुद्धा नेली. साहेबाची मुले सांभाळत कित्येक आया बोटीने विलायतेला गेल्या, आणि तिथे पोचल्यावर काहींना परतीच्या भाड्याशिवाय सोडून देण्यात आले. लंडनमध्ये अशा बायकांसाठी 'आयाज होम' नावाचा निवारा होता. त्यातल्या हॅकनी भागातल्या घरावर २०२२ साली स्मृतीची निळी तबकडी बसवण्यात आली. केअरगिव्हर हा शब्द शिकताना ही बाई आठवावी असे मला वाटते. तिने दिलेली माया खरी होती, तिच्या वाट्याला आलेली केअर बेताची.

शेवटी एक वाक्प्रयोग, जो माहीत नसला तर मोठी चूक होते. आमच्या शेजारी अण्णा राहतात. मुलगा इंग्लंडात, नात तिथेच वाढलेली, तिचे निरोप इंग्रजीत. त्यांच्या घरी चौदा वर्षांचा ब्रूनो नावाचा कुत्रा होता. एके दिवशी नातीचा निरोप आला, 'वी हॅड टु पुट ब्रूनो टु स्लीप टुडे.' अण्णांनी अर्थ लावला: आज ब्रूनोला झोपवले. त्यांनी प्रेमाने उत्तर टाकले की छान झाले, त्याला झोपू दे, उद्या उठला की दूध दे. नात दोन दिवस बोलली नाही. तेव्हा ते माझ्याकडे आले. "प्रोफेसर, माझं काय चुकलं बघा."

बाळाला 'पुट टु स्लीप' केले तर ते खरेच झोपलेले असते. आजारी, म्हाताऱ्या जनावराबद्दल हेच शब्द आले, तर पशुवैद्याने सुई देऊन त्याच्या वेदना कायमच्या संपवल्या, असा अर्थ होतो. 'पुट डाउन' याचाही तोच अर्थ, पण तो अधिक कोरडा. घरच्या माणसांपुढे तो वापरू नये. आपणही दिवा विझला म्हणत नाही, शांत झाला म्हणतो; तसेच हे.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आता काय लिहू? 'सॉरी' म्हटलं तर तिला वाटेल मी चुकीची माफी मागतोय." मी म्हटले, 'सॉरी' हा शब्द 'सोअर' म्हणजे दुखरे या शब्दापासून आला आहे, माफीपुरता तो कधीच नव्हता. 'आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट ब्रूनो' लिहा, तुम्हाला शब्द कळला नव्हता हेही मोकळेपणाने लिहा, आणि त्याची एखादी आठवण लिहा. त्यांनी आठवण सांगितली. ते तिकडे गेले होते तेव्हा रोज सकाळी ब्रूनो त्यांच्या चपला दाराशी आणून ठेवायचा.

फोन हातात घेऊन ते थांबले. "इथं 'इट' येईल की 'ही'?"

"ही," मी म्हटले.