मोगऱ्याचे स्थलांतर : मुहूर्त घराचा आणि झाडाचा

अणदूरच्या खंडोबाला दोन घरे आहेत. वर्षातील मोठा काळ मूर्ती अणदुरास असते आणि उरलेला काळ नळदुर्गजवळच्या मैलारपुरास. पौष पौर्णिमेची यात्रा तेथेच भरते. देव कधी हलवायचा हे दोन्ही गावांत आधी ठरलेले असते. या परिसरातील अंगणांतला मोगरा मात्र बहुधा ऐन वेळी हलवला जातो आणि बहुधा त्यामुळेच मरतो.

प्रसंग अनेक घरांच्या ओळखीचा आहे. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये चौक असा जुना वाडा उतरवून नवे बांधकाम करायचे ठरते. नकाशा होतो, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त निघतो, आणि पायाची खुदाई सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कोणाला तरी चौकातल्या मोगऱ्याची आठवण होते. तो आजेसासूबाईंनी लावलेला असतो. तीन पिढ्यांच्या वेण्यांत त्याची फुले माळली गेलेली असतात. मग दोन मजूर पहार लावून तो उपटतात, दुसरीकडे खड्डा करून उभा करतात आणि वर बादलीभर पाणी ओततात. आठ दिवसांत पाने करपतात. पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला, फांद्या कळ्यांनी भरलेल्या आणि मुळे तुटलेली. अशा स्थितीत झाडाने जगावे तरी कसे?

थंड देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न पिओनीच्या रूपाने येतो. मोठ्या, भरगच्च फुलांचे हे झुडूप एका जागी पन्नास वर्षेही राहते. ते हलवायचे तर शरद ऋतूत, वाढ थांबत आली की हलवतात. आणि लावताना मुळांवरचे डोळे दोन इंचांहून खोल गेले तर पाने येतात, फुले मात्र रुसतात. मराठवाड्यात पिओनी होत नाही, कारण तिला कडाक्याचा हिवाळा लागतो. परंतु झाड विसाव्याला असताना हलवावे आणि पूर्वीपेक्षा खोल पुरू नये, हे तिचे दोन्ही नियम मोगऱ्याला तसेच्या तसे लागू पडतात.

मोगऱ्याचा विसावा थंडीतला. या भागात पौष पौर्णिमा झाल्यापासून माघाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारणपणे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तो हलवावा. वाढ मंदावलेली असते, कळी धरलेली नसते आणि नवी मुळे फुटायला उन्हाळ्यापूर्वी महिना-दीड महिना मिळतो.

पहिला पाऊस पडला की झाड हलवावे, असा सल्ला सर्वत्र मिळतो. मुरमाड जमिनीत तो चालूनही जातो. परंतु काळी माती भिजली की फावड्याला चिकटते, मुळांभोवतीचा गोळा सुटतो आणि मुळे उघडी पडतात. शिवाय श्रावकाच्या दृष्टीने आणखी एक विचार आहे. मृगाच्या सरींनंतर माती जीवांनी भरून जाते; गांडुळे, गोगलगाई, मृगाचे तांबडे किडे अशी किती नावे घ्यावीत! थोड्याच दिवसांत चातुर्मास लागतो. श्रावकाचे पहिले अणुव्रत स्थूल हिंसेच्या त्यागाचे आहे. पृथ्वीकाय आणि वनस्पतिकाय यांची हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही, तरी ती मर्यादेत ठेवता येते. माघातल्या सुक्या, थंड मातीत त्रस जीवांची वर्दळ त्या मानाने कमी असते. बागेचे शास्त्र आणि जयणा येथे एकाच तिथीवर येऊन थांबतात.

तयारी मात्र मार्गशीर्षातच सुरू व्हावी. पाणी हळूहळू कमी करावे. हलवण्यापूर्वी तीन-चार आठवडे बुंध्यापासून हातभर अंतरावर धारदार फावड्याने अर्धे वर्तुळ कापावे आणि उरलेले अर्धे दहा-बारा दिवसांनी. कापलेल्या मुळांना आतल्या बाजूस बारीक तंतुमुळे फुटतात. झाड नव्या जागी जगते ते त्यांच्या बळावर. नवा खड्डाही आधीच, दीड-दोन फूट खोल आणि रुंद, करून ठेवावा. जागा किमान सहा तास ऊन लागणारी आणि पाणी न तुंबणारी हवी. खड्ड्यातून निघालेल्या मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडा बारीक मुरूम मिसळावा. काळ्या मातीत चुनखडीचे खडे फार असतील तर ते वेचून टाकावेत; त्यांच्यामुळे मोगऱ्याची पाने पिवळी पडतात. खड्ड्यात कीटकनाशकाची भुकटी टाकण्याची सूचना कोणी ना कोणी करतेच. ती मानण्याचे कारण नाही.

हलवण्याच्या आठवड्यात झुडूप गुडघाभर उंचीवर छाटावे. दोन-तीन दिवस आधी पाणी देऊन माती वाफशावर आणावी, म्हणजे मुठीत दाबली असता गोळा होईल पण हाताला चिकटणार नाही. काम दुपारी तीनच्या सुमारास काढावे. सूर्यास्तापूर्वी ते उरकते आणि झाडाला लगेच रात्रीचा गारवा मिळतो. खणण्यापूर्वी बुंध्याजवळ मुंग्यांचे वारूळ नाही ना, हे पाहावे. असल्यास तो दिवस सोडून द्यावा आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पुढचे ठरवावे. जुन्या मातीची पातळी कळावी म्हणून खोडाला दोरा बांधावा. मग गोळा अलगद सोडवून त्याखाली दुकानातले जुने, ओले केलेले बारदान सरकवावे, सुतळीने आवळावे आणि चौघांनी चार टोके धरून उचलावे. खोड धरून ओढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. मातीतून बाहेर आलेली गांडुळे हळुवारपणे सावलीतल्या ओलसर मातीत सोडावीत.

नव्या जागी दोऱ्याची खूण जमिनीच्या पातळीवर यावी, खाली जाऊ नये. सुतळी सोडून बारदान काढून घ्यावे, माती पायाने न तुडवता हाताने बसवावी आणि पाणी संथपणे द्यावे. पुढचे पंधरा दिवस तुराट्यांची किंवा जुन्या साडीची सावली करावी. महिनाभर कसलेही खत देऊ नये. पाने गळाली म्हणून धीर सोडू नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे. त्या उन्हाळ्यात आलेल्या कळ्या खुडून टाकाव्यात. हे जिवावर येते, पण त्या वर्षीचे बळ मुळांकडे जायला हवे.

इतके करूनही जुने झाड दगावू शकते. म्हणून व्यापारी घराने येथे मुद्दल एकाच ठिकाणी ठेवू नये. बांधकामाचा विचार मनात आला त्याच पावसाळ्यात दाब कलम करावे. जमिनीलगतची एक फांदी वाकवून तिचा मधला भाग मातीने भरलेल्या कुंडीत दाबायचा, वर दगड ठेवायचा आणि शेंडा मोकळा सोडायचा. अंगण खणावे लागत नाही. दोन-तीन महिन्यांत त्या भागाला मुळे फुटली की फांदी मूळ झाडापासून कापायची. अशा तीन-चार कुंड्या असल्या, तर एक नव्या घराच्या दारात राहते आणि बाकीच्या लेकींच्या सासरी जातात.