मणक्याचा क्षय : ऑपरेशन कधी, कशासाठी?

कणा हा शब्द आम्ही कवी मंडळी स्वाभिमानासाठी वापरतो. आज मात्र खऱ्याखुऱ्या कण्याविषयी बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. पण माझ्या खालांना मणक्याचा क्षय झाला, तेव्हा घरात एकच वाद होता, ऑपरेशन करायचं की नाही? त्या निमित्तानं जे समजून घेतलं, ते सांगतो.

क्षय फुप्फुसाचाच, असं आपण समजतो. पण त्याचे जंतू रक्तावाटे मणक्यातही पोचतात. मणक्याचा पुढचा भाग पोखरला जातो, खचतो, पाठीला कुबड येतं. पू साठून मज्जारज्जू दाबला गेला, की पायांतली ताकद जाते.

हाँगकाँगमध्ये १९५०च्या दशकात हॉजसन आणि स्टॉक या सर्जननी पुढच्या बाजूनं मणक्यापर्यंत जाऊन सडलेला भाग काढायचा आणि तिथं हाडाचा तुकडा बसवायचा, ही पद्धत रूढ केली. मग सगळ्यांनाच ऑपरेशन हवं का? पुढे कोरियात झालेल्या चाचण्यांत असं दिसलं, की अनेक रुग्ण अंथरुण न धरता नुसत्या औषधांनीही बरे होतात. हाँगकाँगच्या ऑपरेशननं कुबड मात्र कमी राहतं. आपल्याकडे वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्ग’ मांडला : आधी औषधं, गरज पडली तरच सुरी.

गरज कधी? पायांची ताकद घटत चालली, औषधं घेऊनही तीन-चार आठवड्यांत फरक नाही, कुबड वाढतंय, मणका डळमळीत झालाय, किंवा निदानच पक्कं होत नाही, तेव्हा.

पर्यायही एकच नाही. नुसता पू असेल तर कधी सुईनं काढता येतो. दाब असेल तर तो काढून पोकळीत हाड किंवा धातूचा पिंजरा बसवतात. पाठीमागून स्क्रू आणि सळ्यांनी कणा स्थिर करतात. रोग पुढं असताना मागची शाबूत कमान तेवढी काढून टाकली, तर मणका आणखी खचू शकतो.

खालांचे पाय लुळे पडू लागले, म्हणून ऑपरेशन झालं. त्या चालू लागल्या आणि घरातले म्हणाले, आता गोळ्या कशाला? खरा धोका इथंच आहे. ऑपरेशन मज्जारज्जू मोकळा करतं, कणा सावरतं. जंतू मारतात ती औषधंच. ती साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त, डॉक्टर सांगतील तोवर घ्यावी लागतात. सरकारी क्षयरोग केंद्रात ती मोफत मिळतात.

पाठदुखी हटत नसेल, सोबत बारीक ताप असेल, वजन घटत असेल, तर तपासून घ्या. पाय जड वाटू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.