फातोर्ड्याचा नऊ नंबर

एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवाने आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी खेळाडूंची यादी दिली, तेव्हा तीत इगोर आंगुलोचे नाव नव्हते. नुकत्याच संपलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, याच बास्क स्ट्रायकरने १४ गोल करून गोल्डन बूट मिळवला होता. पण आशियाई स्पर्धेचा तेव्हाचा नियम कडक होता: तीन परदेशी आणि वर एक आशियाई, एवढेच. प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनी त्या चार जागा बचावपटू इव्हान गोन्सालेस, मध्यरक्षक एदू बेदिया, कडेने आक्रमण करणारा होर्गे ओर्तिस आणि ऑस्ट्रेलियाचा बचावपटू जेम्स डोनाकी यांना दिल्या. संघासाठी सर्वाधिक गोल करणारा माणूस बाहेर राहिला.

फेरांडोंना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. समोर आदल्या वर्षीचा उपविजेता, इराणचा पर्सेपोलिस होता. कतारच्या अल रय्यानला फ्रान्सचा विश्वविजेता लॉरां ब्लां शिकवत होता. अबुधाबीचा अल वहदाही दांडगा. अशा गटात आधी आपली गोलजाळी राखायची, हे कोणत्याही शहाण्या प्रशिक्षकाने ठरवले असते. आणि ती राखलीही गेली. मडगावजवळच्या फातोर्डा मैदानात, प्रेक्षकांविना, अल रय्यान आणि अल वहदाविरुद्ध पहिले दोन्ही सामने ०-० सुटले. गोलरक्षक धीरज सिंगने त्या दोन आठवड्यांत जे हात दाखवले, ते भारतीय फुटबॉलने विसरू नयेत.

पण सहा सामन्यांत गोवाचे गोल किती? दोन. एक बेदियाने पर्सेपोलिसविरुद्ध ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर हेडरने केला आणि भारतीय क्लबचा या स्पर्धेच्या गट फेरीतला तो पहिला गोल ठरला. दुसरा ओर्तिसने अल रय्यानविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला केला. म्हणजे दोन्ही गोल स्पॅनिश खेळाडूंचे. ईशान पंडिता आणि देवेंद्र मुरगावकर ही तरुण मुले पुढे धावली, पण आयएसएलमध्ये त्या जागेवर पूर्ण सामने खेळण्याची सवय त्यांना कुणी लावलीच नव्हती. तीन बरोबरी, तीन पराभव, गटात तिसरा क्रमांक.

हा क्लब मुळात गोल करण्यासाठीच ओळखला जातो, म्हणून ही गोष्ट जास्त लागते. २०१४ मध्ये स्थापना झाली तेव्हा पहिला प्रशिक्षक म्हणून ब्राझीलच्या झिकोंना आणले गेले. दुसऱ्याच वर्षी फातोर्ड्यावर मुंबई सिटीला ७-० ने लोळवले. त्या सामन्यात दोन हॅटट्रिक झाल्या: एक नायजेरियाच्या डुडूची आणि एक मणिपूरच्या थोंगखोसिएम हाओकिपची. एका भारतीय स्ट्रायकरला संधी आणि विश्वास मिळाला की काय होते, याचे हे उदाहरण क्लबच्या दारातच होते. पुढच्या वर्षी संघ तळाला गेला आणि झिको युग संपले.

२०१७ मध्ये बार्सिलोनाच्या मुशीतले सर्जिओ लोबेरा आले आणि गोव्याला भारतातला सर्वांत देखणा संघ मिळाला. त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. चेंडू गोलरक्षकापासूनच पायात खेळवत आणायचा. मोरोक्कोचा अहमद जाहू बचावफळीच्या पुढे उभा राहून लांब आणि अचूक पास द्यायचा. डाव्या कडेने मंदार राव देसाई आणि उजव्या कडेने सेरिटन फर्नांडिस, हे दोघेही गोमंतकीय, जवळजवळ आघाडीपटूंच्या रेषेपर्यंत चढायचे. या साऱ्या हालचालीच्या टोकाला फेरान कोरोमिनास, म्हणजे कोरो. एस्पान्योलमधून घडलेला हा कातालान खेळाडू अंगापिंडाने दांडगा नव्हता. प्रतिस्पर्धी बचावपटूच्या पाठीमागे, त्याच्या नजरेबाहेर उभे राहायचे, पास निघताक्षणी सुटायचे आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू जाळीकडे धाडायचा, ही त्याची विद्या. पहिल्या हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. सत्तावन्न सामन्यांत अठ्ठेचाळीस.

पण याच रचनेत तिचा तोलही ढळलेला होता. दोन्ही कडांचे बचावपटू पुढे गेले की त्यांच्या मागे मोकळे रान उरायचे आणि दोन मधल्या बचावपटूंवर सारा भार यायचा. २०१७-१८ च्या साखळीत गोवाने १८ सामन्यांत ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. बंगळुरूविरुद्ध ४-३, केरळविरुद्ध ५-२, दोन्हींत कोरोची हॅटट्रिक. प्रेक्षकांना याहून काय हवे? पण बाद फेरीत अशी उधळण चालत नाही. चेन्नईयिनविरुद्धच्या उपांत्य फेरीत घरी १-१ आणि चेन्नईत ०-३. त्या तीनपैकी दोन गोल मिझोरामच्या जेजे लालपेखलुआचे, म्हणजे भारतीय स्ट्रायकरचे होते. २०१९ च्या अंतिम सामन्यात, मुंबईत, बंगळुरूच्या राहुल भेकेने जादा वेळेत हेडरने एकमेव गोल केला. कोरोला त्या दिवशी अडवून धरले गेले आणि गोल करणारा दुसरा कुणी निघाला नाही. महिन्याभरात सुपर कप जिंकला, त्या अंतिम सामन्यात कोरो आणि ब्रँडन दोघांनीही गोल केले, हे मात्र नोंदवायला हवे.

२०१९-२० मध्ये ४६ गोल करून गोवा साखळीत पहिला आला. हंगाम संपण्याआधीच लोबेरांना दूर केले गेले आणि क्लिफर्ड मिरांडा यांनी तात्पुरती धुरा घेतली. उपांत्य फेरीत पुन्हा चेन्नईयिन: तिकडे १-४, इकडे ४-२. एकूण ५-६ असा एका गोलाने संघ हरला आणि सहा गोल खाल्ले ते दोनच सामन्यांत.

मग संघच विखुरला. लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि त्यांच्यामागे जाहू, ह्युगो बुमू, मुर्तादा फॉल आणि मंदारही. पुढच्याच हंगामात मुंबईने साखळी आणि चषक दोन्ही जिंकले. उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरवले ते गोवालाच.

परदेशी स्ट्रायकरवर विसंबण्याच्या या आजाराचे मूळ मात्र एका क्लबपेक्षा जुने आहे. गोव्याच्या फुटबॉलला स्ट्रायकर बाहेरून आणायची सवय आयएसएलने लावली नाही. आर्मांडो कुलासो यांच्या धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकले, तेव्हा गोलांचा कारखाना नायजेरियाचा रांती मार्टिन्स होता. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये त्याने ३२ गोल केले. चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा ओकोली होता, जो सलग तीन हंगाम आय-लीगमध्ये सर्वाधिक गोल करत राहिला. मधली फळी आणि बचाव गोव्याच्या गावांतून यायचा: क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, पुढे लेनी रॉड्रिग्ज, ब्रँडन, सेरिटन. नऊ नंबरचा शर्ट मात्र विमानाने यायचा.

कारण उघड आहे. गोल ही फुटबॉलमधली सर्वांत महाग वस्तू. मालकाला आणि प्रशिक्षकाला याच हंगामात निकाल हवा असतो. परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागा मग सामन्याचा कणा असलेल्या जागांवर खर्च होतात: मधला बचावपटू, मधला मध्यरक्षक आणि स्ट्रायकर. भारतीय मुलगा कितीही धारदार असला तरी त्याला कडेला सरकावले जाते. बंगळुरूत खुद्द सुनील छेत्री अनेकदा डाव्या कडेला खेळला, कारण मधे व्हेनेझुएलाचा मिकू होता. गोव्याचा लिस्टन कुलासो एफसी गोवात बाकावरच जास्त दिसला आणि जानेवारी २०२० मध्ये हैदराबादला गेल्यावर फुलला, तोही कडेचाच खेळाडू म्हणून. अन् याच मातीशी नाते सांगणाऱ्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. ऑलिंपिकमधली कोणत्याही आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. म्हणजे इथे स्ट्रायकर पिकत नाही, असे मुळीच नाही.

बुलढाण्यातल्या वाचकाला हा प्रश्न थोडा वेगळ्या बाजूने समजेल. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवून तिरंदाजीचे सुवर्ण जिंकले. तिथे नेम त्याचा, बाण त्याचा, गुणही त्याचे. जिल्ह्याच्या मैदानावर सराव करून जगज्जेत्याला गाठता येते. स्ट्रायकरचे तसे नाही. त्याला पास देणारा हवा, बचावपटूला ओढून नेणारा हवा आणि मुख्य म्हणजे चुकलेल्या नेमानंतरही पुढच्या शनिवारी त्यालाच उतरवणारा प्रशिक्षक हवा. ते शेवटचे भारतात फार क्वचित मिळते.

आक्रमण आणि बचाव यांतला तोल श्रीमंत क्लबांचाही सुटतो. जर्मनीच्या बायर्न म्युनिकने २०२२ मध्ये रॉबर्ट लेवांडोव्स्कीला बार्सिलोनाकडे जाऊ दिले. शेवटच्या हंगामात त्याचे ३५ लीग गोल होते. त्याच्या जागी तसाच स्ट्रायकर आणला नाही. पुढच्या हंगामात संघातला सर्वाधिक गोल करणारा सर्ज ग्नाब्री १४ वर थांबला आणि विजेतेपद शेवटच्या दिवशी, कोलोनविरुद्ध जमाल मुसियालाच्या ८९ व्या मिनिटाच्या गोलावर, डॉर्टमुंडशी गुण समान असताना केवळ गोलफरकाने हाती लागले. मग मोठी रक्कम मोजून हॅरी केन आणला. त्याने पहिल्याच हंगामात ३६ लीग गोल केले. संघाने ९४ केले, पण ४५ खाल्ले आणि तिसरा आला. विजेत्या लेव्हरकुसेनने त्याहून कमी, ८९ गोल केले होते, पण खाल्ले फक्त २४. बायर्नला बाजारात उतरून एका वर्षात भोक बुजवता येते. ते बुजवताना दुसरे पडले, ही गोष्ट वेगळी.

गोवाकडे तेवढा पैसा नाही, आणि तरीही क्लब पुन्हा उभा राहिला. मानोलो मार्केस यांच्या हाताखाली एप्रिल २०२४ च्या उपांत्य फेरीत फातोर्ड्यावर मुंबईविरुद्ध ९० व्या मिनिटापर्यंत २-० अशी आघाडी होती. त्यानंतर मुंबईने तीन गोल केले, त्यांतले दोन लालियानझुआला छांगतेचे आणि एक विक्रम प्रताप सिंगचा. तिन्ही भारतीयांचे. मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० हरवून गोवाने सुपर कप जिंकला. तिथे गोल बोर्हा हेरेरा आणि देयान द्राझिच यांचे.

याच मार्केस यांच्याकडे तेव्हा भारतीय संघाचेही प्रशिक्षकपद होते. मार्च २०२५ मध्ये त्यांनी काय केले? आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झालेल्या, चाळीस वर्षांच्या छेत्रीला परत बोलावले. त्या आयएसएल हंगामात भारतीयांत सर्वाधिक गोल त्याचेच होते. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. क्लबमध्ये परदेशी स्ट्रायकर वापरणाऱ्या प्रशिक्षकाला देशासाठी तोच जुना माणूस शोधावा लागला, यात साऱ्या देशाच्या आघाडीचे दुखणे स्पष्ट दिसते.

२२ ऑक्टोबर २०२५ ला सौदी अरेबियाचा अल नस्र फातोर्ड्यावर उतरला. गोवा १-२ ने हरला, पण त्यांचा गोल गोमंतकीय ब्रायसन फर्नांडिसने केला. ब्रायसन कडेने खेळतो. मधल्या आघाडीसाठी क्लबने त्या हंगामात स्पेनचा हावियेर सिवेरियो घेतला होता. पुढच्या यादीत त्या जागेसाठी एखाद्या गोमंतकीय मुलाचे नाव घालायचे आणि तो पाच सामने कोरडा गेला तरी सहाव्यातही त्यालाच उतरवायचे, एवढे धाडस या क्लबने आता करून पाहावे.